वाचायची यादी कुठे ठेवावी? गुडरीड्स, स्टोरीग्राफ आणि लायब्ररीथिंग मराठी पुस्तकांच्या कसोटीवर

सध्या हातात कोणतं पुस्तक आहे, पुढे काय वाचायचं आहे आणि काय वाचून झालं, याची नोंद ठेवणाऱ्या सेवांची परीक्षणं इंग्रजीत ढिगाने सापडतात. आलेख कुणाचे देखणे आणि ॲप कुणाचं सुटसुटीत, इथवर येऊन ती बहुधा थांबतात. मराठी वाचकाची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण पुस्तक मुळात सापडतच नाही. सापडलं तर तीनदा सापडतं, आणि तिन्ही नोंदींत लेखकाचं नाव वेगळं असतं.

म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसलेलं, दोन-तीन प्रकारे लिहिलं जाणारं, वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघालेलं मराठी पुस्तक यादीत घालायला किती खटपट पडते, आणि घातलेलं पुस्तक पुढे धड परत काढता येतं का.

निकाल आधीच सांगून टाकतो. चालू वाचनाची नोंद ठेवायला स्टोरीग्राफ बरं. घरातल्या कपाटांची मोजदाद करायची तर लायब्ररीथिंगला तोड नाही. बाकीचे लोक काय वाचतायत हे बघायला गुडरीड्सच लागतं, कारण लोक तिथे आहेत. पुढच्या वाचनाची मूळ यादी मात्र यांपैकी कुणाच्याही हवाली करू नये. ती स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये असावी.

आयएसबीएन असलेलं आणि नसलेलं

या तिन्ही सेवांचा कणा म्हणजे आयएसबीएन. पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड फोनने टिपला की नाव, लेखक, पानं, मुखपृष्ठ सगळं आपोआप भरलं जातं. मराठीत हा रस्ता तीन ठिकाणी अडतो.

पहिलं म्हणजे जुनी पुस्तकं. आयएसबीएनची पद्धतच १९७० च्या सुमाराची, आणि त्यानंतरही मराठीत ती रुळायला बराच काळ गेला. वाचनालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीच्या पाठीवर बारकोड शोधण्यात अर्थ नाही. दुसरं, आकडा आत छापलेला असतो पण पाठीवर बारकोड नसतो. अशा वेळी शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बघून तो हाताने टाकावा. तिसरी अडचण जास्त त्रासाची. पाठीवर बारकोड असतो, पण तो दुकानाचा किंवा वितरकाचा स्वतःचा असतो. फोन तो टिपतो, सेवा 'पुस्तक नाही' म्हणते आणि माणूस ॲपला शिव्या घालतो. ओळखायची खूण सोपी आहे: आयएसबीएनचा बारकोड ९७८ ने सुरू होतो आणि भारतीय पुस्तकात त्यापुढे बहुतेक वेळा ८१ किंवा ९३ येतो. तसं नसेल तर तो बारकोड विसरायचा.

कधीकधी छापलेला आकडाच चुकलेला असतो. हे तपासायला कागद-पेन पुरतं. १३ आकड्यांच्या आयएसबीएनमधले आकडे डावीकडून क्रमाने १ आणि ३ ने आळीपाळीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नमुन्यादाखल ९७८८१२३४५६७८ हे पहिले १२ आकडे घ्या. बेरीज येते १३८, म्हणजे शेवटचा आकडा २ हवा. तिथे ५ छापलेला असेल तर कुठला तरी आकडा गळला किंवा बदलला आहे, आणि त्या आकड्याने पुस्तक सहसा सापडणार नाही. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकड्यांचा आयएसबीएन असतो. त्याच्या शेवटी कधी 'एक्स' हे रोमन अक्षर दिसतं. ती छपाईची चूक नव्हे, ते १० चं चिन्ह आहे. त्यापासून १३ आकड्यांचा करायचा तर शेवटचं चिन्ह काढा, पुढे ९७८ लावा आणि वरच्या रीतीने नवा शेवटचा आकडा काढा. नुसता ९७८ चिकटवून शेवट तसाच ठेवला तर तो जवळजवळ नेहमी चुकतो.

नाव टाकून शोधताना

बारकोड गेला की उरतो नावाने शोध. इथे मराठीची खरी परीक्षा होते, आणि तिन्ही सेवा त्यात काठावर पास होतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र घ्या. जुन्या आवृत्त्यांवर 'स्मृतिचित्रें' असा शेवटी अनुस्वार आहे, नंतरच्यांवर 'स्मृतिचित्रे', आणि वाचक घाईत टाइप करतात 'स्मृतीचित्रे'. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचे आणखी चार प्रकार निराळेच. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, त्याआधीच्या बऱ्याच पुस्तकांची नावं अशी दोन वेषांत वावरतात. देवनागरीत शोधून नाही मिळालं म्हणजे पुस्तक नाहीच, असं समजू नये. आधी नावातला सर्वांत नेमका एकच शब्द देवनागरीत टाकावा, मग रोमनमध्ये, मग फक्त लेखकाच्या आडनावाने. एवढं करूनही नाही मिळालं तरच नवी नोंद करावी. नाहीतर चौथी नकल तयार होते आणि पुढच्या वाचकाचा गोंधळ आणखी वाढतो.

डोळ्यांना न दिसणारा एक घोळ आहे, तो मुद्दाम जवळून बघण्यासारखा. 'वाऱ्यावरची वरात' हे पुलंच्या पुस्तकाचं नाव दोन कीबोर्डांवर टाइप केलं तर पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आतले संकेत वेगळे असू शकतात. ऱ्य दोन रीतींनी तयार होतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि य. दुसरी, साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'ऱ' शिफ्ट दाबून सरळ मिळतो, म्हणून तिथे पहिली रीत स्वाभाविक ठरते. उच्चारावरून अक्षरं जुळवणारे काही कीबोर्ड दुसरी वापरतात. ज्या शोधयंत्राला हा फरक ठाऊक नाही, त्याच्या लेखी ही दोन वेगळी पुस्तकं. 'ॲ' चंही तेच. एक संकेत अखंड 'ॲ' चा, दुसरा 'अ' वर चंद्र ठेवून केलेला. दिसायला जुळे, यंत्राच्या दृष्टीने परके. नावात ऱ्य, ऱ्ह किंवा ॲ असेल आणि पुस्तक सापडत नसेल तर तो शब्दच वगळून दुसऱ्या शब्दाने शोधा. वर दिलेल्या नावात 'वरात' पुरतं.

लेखकांच्या आद्याक्षरांबद्दल लिहावं तेवढं थोडं. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे, पी. एल. देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे: टिंबं आणि मोकळ्या जागा बदलल्या की लेखक बदलला. गुडरीड्सचा इंग्रजीतला नियम आद्याक्षरांमध्ये जागा न सोडण्याचा आहे, म्हणून तिथे शोधताना 'पु.ल.' असं जोडून आधी बघावं. टोपणनावांनी आणखी भर पडते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र. खानोलकर: कविता एका नावावर, नाटक-कादंबरी दुसऱ्या. दोन्ही नावं पुस्तकावर तशीच छापलेली असतात, त्यामुळे नोंदीतही ती तशीच वेगळी ठेवणं योग्य. जुळणी आपल्या शीटमध्ये करावी.

गुडरीड्स

२००७ पासून चालू, २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचं. गर्दी सर्वांत मोठी, त्यामुळे मराठी पुस्तकांच्या नोंदीही इथे सर्वांत जास्त, आणि नकलाही. मूळ कप्पे तीन: वाचायचंय, वाचतोय, वाचलं. एक पुस्तक यांपैकी एकाच कप्प्यात राहू शकतं. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकांसाठी वेबसाइटवर कप्प्यांच्या संपादनात जाऊन नवा कप्पा करावा आणि त्याला 'एक्सक्लुझिव्ह' ही खूण लावावी. ती विसरलात तर सोडून दिलेलं पुस्तक सोडलेल्यांतही दिसतं आणि 'वाचतोय' मध्येही वर्षभर लोंबत राहतं.

पुढच्या वाचनासाठी इथली एक सोय चांगली आहे. वाचायच्या कप्प्यात प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो आणि वेबवर तो बदलता येतो. कप्पा चारशे पुस्तकांवर गेला तरी पहिली दहा हाताने लावून ठेवावीत; बाकीची कशी पडली आहेत याने फरक पडत नाही.

नवं पुस्तक घालायचं तर वेबसाइटवरून हाताने भरावं लागतं. शीर्षक पुस्तकाच्या लिपीत, म्हणजे देवनागरीत भरा. कंसात रोमन भर घालण्याचा मोह आवरा. भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. ही नोंद तुमच्यापुरती नसते, सगळ्यांची होते, आणि पुढे त्यात दुरुस्ती करायला ग्रंथपालाचे, म्हणजे तिथली सूची सांभाळणाऱ्या सभासदाचे, हक्क लागतात. ते हवे असतील तर खात्यात किमान ५० पुस्तकं असावी लागतात आणि अर्ज करावा लागतो. नाहीतर ग्रंथपालांच्या गटात विनंती टाकून थांबायचं. नकला एकत्र करण्याचं कामही तेच करतात. म्हणून नोंद पहिल्यांदाच नीट करणं स्वस्त पडतं.

भाषांतरांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या. 'स्मृतिचित्रे'चं 'आय फॉलो आफ्टर' हे इंग्रजी भाषांतर १९५० चं, आणि शांता गोखल्यांचं २०१७ चं. नियमाप्रमाणे या सगळ्या एकाच कृतीच्या आवृत्त्या, त्यामुळे त्यांचे तारे आणि अभिप्राय एकत्र दिसतात. मराठी गद्याबद्दल कुणाचं मत काय हे बघायला गेलात तर समोर भाषांतराच्या इंग्रजीवरची टिप्पणी येते. आवृत्ती निवडून अभिप्राय गाळता येतात, पण मराठी आवृत्तीखाली उरतात ते मोजकेच. सात जणांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी ४.३ आहे की ३.९, यावरून पुस्तक उचलू किंवा टाळू नये. शिवाय अर्धा तारा देता येत नाही, तो भाग वेगळाच.

स्टोरीग्राफ

नादिया ओडुनायो यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली ही सेवा. फुकट योजना पुरेशी आहे, पैसे देऊन घ्यायची प्लस योजना मराठी यादीसाठी घ्यावी असं काही तिच्यात नाही.

चालू वाचनाची नोंद इथे तिघांत सर्वांत सोयीची. प्रगती पानांत किंवा टक्क्यांत लिहिता येते, सोबत टिपण टाकता येतं, पुस्तक सोडून दिलं तर त्यासाठी वेगळी अवस्था आहे, आणि तारे पाव-पाव पायरीने देता येतात. वर्षाचं लक्ष्य नुसत्या पुस्तकांत न मोजता पानांतही ठेवता येतं. मराठी वाचकाला हे बरं, कारण आपल्याकडे चौसष्ट पानांचा कवितासंग्रह आणि नऊशे पानांची कादंबरी एकाच मापाने मोजणं हास्यास्पद दिसतं.

पानांची नोंद करताना एक खास मराठी खोडा येतो. आपल्या बऱ्याच पुस्तकांत प्रस्तावनेची पानं अक्षरांत मोजलेली असतात: एक, दोन, तीन… सोळा, आणि मग मजकूर पुन्हा १ पासून. सेवेतल्या नोंदीत कधी फक्त मजकुराची पानं भरलेली असतात, कधी दोन्हींची बेरीज. तुम्ही २४० व्या, म्हणजे शेवटच्या पानावर पुस्तक मिटवता आणि ॲप सांगतं ९४ टक्के झालं. प्रस्तावना लांब असेल तर आधी आवृत्तीच्या नोंदीतला आकडा बघा. जुळत नसेल तर त्या पुस्तकापुरती प्रगती टक्क्यांत लिहा. कवितासंग्रहाची प्रगती लिहूच नये. तो सलग कुणी वाचत नाही.

पुढच्या वाचनासाठी 'अप नेक्स्ट' नावाची छोटी रांग आहे, तिच्यात पाच पुस्तकं मावतात. वाचायच्या ढिगातून पाच उचलून समोर ठेवायची, बाकीची नजरेआड. मर्यादा घालून दिलेली ही सोय भल्यामोठ्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

जिथे ही सेवा इंग्रजीत चमकते, तिथेच मराठीत मुकी होते. पुस्तकाचा रागरंग, गती, भाव यांवरून ती सुचवण्या करते, आणि ही माहिती वाचकांच्या अभिप्रायांतून गोळा होते. मराठी पुस्तकाला वाचकच चार, तर रागरंग कुठून येणार? ग्रामीण कादंबरी वाचून झाल्यावर इंग्रजी रहस्यकथा सुचवली जाते. त्यावर उपाय म्हणजे सुचवण्यांकडे न बघणं, आणि आपण वाचलेल्या मराठी पुस्तकाचा तो छोटा फॉर्म दोन मिनिटं काढून भरणं.

गुडरीड्सवरून सगळी यादी इकडे आणता येते. आयएसबीएन असलेली पुस्तकं सुखरूप पोचतात, हाताने भरलेली मराठी पुस्तकं मात्र वाटेत गळू शकतात किंवा भलत्याच आवृत्तीला चिकटतात. म्हणून यादी आणल्यावर दोन्हीकडची बेरीज जुळवा, मग भाषेची गाळणी लावून मराठी पुस्तकं एकेक डोळ्यांखालून घाला.

लायब्ररीथिंग

२००५ पासूनचं, तिघांत सर्वांत वयस्कर आणि दिसायलाही तसंच. पूर्वी दोनशे पुस्तकांपुढे पैसे पडत, २०२० पासून ते बंद झालं. नव्या माणसाला पडदा बघून धडकी भरते. पण पुस्तक हे ग्रंथपालाच्या नजरेने बघायचं असेल तर हेच घ्यावं.

याचं बळ म्हणजे माहितीचे स्रोत. नोंद करताना ती कुठून आणायची हे निवडता येतं, आणि त्यांत मोठमोठ्या ग्रंथालयांच्या सूची आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवत आलं आहे. त्यामुळे इथल्या दुकानांतून कधीच गायब झालेल्या मराठी पुस्तकांच्या व्यवस्थित नोंदी वॉशिंग्टनच्या सूचीत मिळतात: प्रकाशक, गाव, वर्ष, पानं, अगदी प्रस्तावनेच्या पानांसकट.

या सूचीत शोधायची मात्र रीत आहे. तिथली रोमन लिपी आपण मोबाइलवर लिहितो ती नाही. 'च' साठी एकटं 'सी', त्याला 'एच' जोडला की 'छ' होतो. 'ष' साठी 'एस' आणि 'एच', 'श' साठी वर तिरकी रेघ असलेला 'एस'. शेवटचा अ लिहीत नाहीत. म्हणजे 'चित्रे' मध्ये 'सीएच' टाकलात की हाती काही लागत नाही; 'सीआयटीआरई' टाकलं की लागतं. वरखालची टिंबं-रेघा टाइप करायची गरज सहसा पडत नाही. एवढे तीन नियम पाठ केले की निम्मी शोधाशोध वाचते. तिथे नाही मिळालं तर 'ओव्हरकॅट' या त्यांच्या स्वतःच्या साठ्यात बघा, आणि शेवटी हाताने भरा. हाताने भरलेली नोंद तुमच्या खात्यात तुमची असते. शीर्षक कसंही लिहा, कुणी बदलत नाही. गुडरीड्सशी असलेला हा फरक मराठी वाचकासाठी सर्वांत मोठा.

दोन आवृत्त्या एकाच कृतीच्या आहेत असं दिसलं तर कुणीही सभासद त्या जोडू शकतो. तशाच तोडूही शकतो, तेव्हा एका नावाच्या दोन वेगळ्या पुस्तकांची मोट कुणी बांधलेली दिसली तर सोडवून टाका.

कप्पे आधीच तयार मिळतात: माझा संग्रह, हवी असलेली, वाचतोय, वाचायची, आणि 'वाचली पण घरात नाहीत' असाही एक. वाचनालयातून आणून वाचणाऱ्याला हा शेवटचा कप्पा फार सोयीचा. प्रगतीची नोंद मात्र दुबळी आहे, ती इथे ठेवायच्या फंदात पडू नये.

मूळ यादी स्वतःकडे

पुढच्या वाचनाची यादी स्वतःच्या शीटमध्ये ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. मराठी वाचकाची पुढची पुस्तकं या सेवांना ठाऊक असलेल्या जगातून येतच नाहीत. ती येतात 'ललित' मासिकातल्या जाहिरातींतून, प्रकाशकांच्या गृहपत्रिकांतून, प्रकाशनपूर्व सवलतीच्या पत्रकांतून, दिवाळी अंकात आलेल्या प्रकरणावरून, वाचनालयाच्या नव्या पुस्तकांच्या फळ्यावरून. पुस्तक बाजारात येण्याआधी यादीत आलेलं असतं.

गूगल शीट पुरते. रकाने एवढे ठेवा: शीर्षक (पुस्तकावर छापलंय तसंच, अनुस्वारासकट), रोमन शीर्षक (स्वतःचा एकच ठरलेला नियम, पुढे शोधायला हेच कामी येतं), लेखक (आडनाव आधी), टोपणनाव असल्यास खरं नाव, प्रकाशक, हातातल्या आवृत्तीचं वर्ष, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, पानं (प्रस्तावनेची वेगळी), पुस्तक कुठे मिळेल, स्थिती, आणि शेवटचा रकाना, हे नाव कुठे वाचलं किंवा कुणी सुचवलं. हा शेवटचा रकाना लोक वगळतात आणि दोन वर्षांनी यादीतल्या निम्म्या नावांकडे बघून 'हे इथे कशाला?' म्हणतात.

जुन्या पुस्तकावर सन नसतो, शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फक्त जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे. महिना दिलेला नसेल तर शके १८५६ म्हणजे '१९३४-३५' असंच लिहावं. 'पुनर्मुद्रण' आणि 'आवृत्ती' यांतही फरक करा. पुनर्मुद्रणात मजकूर बदललेला नसतो, त्यामुळे जुनं पान नव्या पानाशी सहसा जुळतं. नव्या आवृत्तीत प्रकरणं वाढलेली असू शकतात.

'कुठे मिळेल' या रकान्यात वाचनालयाचं नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकून ठेवा. बऱ्याच वाचनालयांत एका वेळी एकच पुस्तक आणि एक मासिक मिळतं, कपाटापाशी उभं राहून आठवत बसायला वेळ नसतो. क्रमांक फोनवर असला की काउंटरवरचा माणूस दोन मिनिटांत पुस्तक काढून देतो. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवलेल्या पुस्तकांसाठी पैसे भरल्याची तारीख, रक्कम आणि प्रकाशनाचा जाहीर झालेला महिना लिहा. तो महिना पुढे जाणं ही या व्यवहारातली नित्याची गोष्ट आहे; तारीख लिहिलेली असली की विचारणा करायला तोंड राहतं.

छापील प्रत मिळेनाशी झाली असेल तर लेखकाच्या निधनाचं वर्षही टिपून ठेवा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच सर्वांना खुलं झालं. अशा लेखकांची पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर शोधताना शीर्षकाचं रोमन रूप कल्पनेपलीकडे मोडलेलं असतं, तेव्हा आडनाव आणि वर्ष यांवर भिस्त ठेवा.

दर काही महिन्यांनी गुडरीड्सवरची यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, म्हणून उतरवून घ्या. ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसू शकते. फाइल खराब झालेली नसते. कोरी शीट उघडून 'डेटा' मधून 'टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि फाइलचा मूळ संकेत '६५००१, यूटीएफ-८' ठेवा. गूगल शीटमध्ये ही भानगडच येत नाही. खिचडी दिसत असताना ती फाइल 'सेव्ह' मात्र करू नका, मग खरंच खराब होते. आयएसबीएनच्या रकान्यात आकड्यांभोवती बरोबरीचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं दिसतील. एक्सेलने १३ आकड्यांचं रूपांतर घातांकात करू नये म्हणून ती मुद्दाम घातलेली असतात, काढू नका.

दिवाळी अंकांचं काय?

१९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या वार्षिक वाचनाचा मोठा हिस्सा या अंकांचा आहे, आणि एकाही सेवेत त्यांना धड जागा नाही. अंकाला लेखक नसतो, संपादक असतो. आयएसबीएन नसतो. पानांत जाहिराती मिसळलेल्या असतात, त्यामुळे पानांचं लक्ष्य ठेवणाऱ्याचा हिशेब फुगतो. अंक सलग वाचला जात नाही, म्हणून 'वाचून झाला' कधी म्हणायचं हेही ठरत नाही.

यातल्या त्यात लायब्ररीथिंग चालतं: हाताने भरा, शीर्षकात अंकाचं नाव आणि वर्ष, लेखकाच्या जागी संपादक, 'दिवाळी अंक' असा टॅग. बाकी दोन्हींकडे ते घालूच नका, सार्वजनिक सूचीत उगीच भर पडते. शीटमध्ये त्यांच्यासाठी वेगळं पान करावं आणि एक ओळ अंकासाठी न ठेवता लेखासाठी ठेवावी: लेखाचं नाव, लेखक, अंक, वर्ष, पान. आज अंकात वाचलेलं प्रकरण उद्या पुस्तक होऊन आलं की कुठल्या अंकात आधी वाचलं होतं ते या पानावरून कळतं. मासिक-साप्ताहिकांतल्या लेखांनाही हेच पान चालतं. रद्दीत घालण्यापूर्वी त्यातले नोंदलेले लेख फोनने टिपून एका फोल्डरमध्ये टाकावेत, आणि फाइलच्या नावाची सुरुवात वर्षाने करावी.